घरचे

(केडगाव. दुपारी सामसूम घरात बॅग भरता भरता रेश्माच्या हातून एक डबी फरशीवर खणकन पडते.)

केशरबाई : फुटली न्हाई ना गं?

रेश्मा : नाही, झाकण निघालं फक्त. आई, तुझी कवळी माझ्या बॅगेत कशी?

केशरबाई : मंग काय इमानात हातात धरून बसू?

रेश्मा : विमानात?

केशरबाई : घ्या. दातांची डाक्टरीन, अन कान तपासायला झालेत. शुक्रवारी आपुन तिघी निघायचं ना?

रेश्मा : तुला असं कोणी सांगितलं?

केशरबाई : तूच की. दिवाळीत, फोनवर. 'अमेरिकेतले दवाखानावाले माझं ग्रीन कार्ड काढतायत, घरच्यांचं पण त्यातच होतं.' म्हनून तर तुझ्याकडनं दात बसवून घेतले. तिथं बोळकं घिऊन कुठं मिरवायचं?

रेश्मा : दहा वर्षं मागे लागले होते मी. मला वाटलं, शेवटी माझं ऐकलंस.

केशरबाई : शेळी बी छबूबाईला दिऊन टाकली. नव्या दावनीला दूध देत न्हाई म्हनं अजून.

रेश्मा : आई, त्या कागदांत घरचे म्हणजे नवरा आणि मूल. अमृतचं नाव आहे, संस्कृतीचं आहे. आईला रकानाच नाही.

केशरबाई : रकाना न्हाई?

रेश्मा : वकिलाला दोनदा विचारलं मी. मी तिथली नागरिक झाले, की मग तुझं करता येतं.

केशरबाई : मंग व्हशील की. कवा?

रेश्मा : आपल्याकडच्यांची रांग फार लांब आहे. सध्या नुसत्या कामाच्या व्हिसावर राहायचं. कार्डालाच वीस-पंचवीस वर्षं जातील म्हणतात. त्यापुढं आणखी पाच.

केशरबाई : मला आत्ताच सदुसष्टावं चालू हाय.

रेश्मा : मधे येशील ना तू. फिरायचा व्हिसा काढू, सहा महिने राहता येतं.

केशरबाई : पाव्हनी म्हनून.

रेश्मा : मी नाही गेले तर? इथं नगरातच दवाखाना टाकते...

केशरबाई : गप. दोन वर्सं पोर माझ्यापाशी ठिऊन तिथं शिकलीस, ती काय नगरात दात उपटाया? हळू बोल, उठली बग ती.

संस्कृती : आजी, तू दात का काढून ठेवले?

केशरबाई : टोचत्यात, बाळा.

रेश्मा : कुठं टोचतात? दाखव, घासून देते.

केशरबाई : ऱ्हाऊ दी. घरात कोन बगतंय मला? छबूबाईकडं जाऊन येते. दिलेली शेळी परत मागायची लाज वाटती, पर मागते.

संस्कृती : मम्मी, रकाना म्हणजे काय?

रेश्मा : कागदावरची चौकट. नाव लिहायची.

संस्कृती : तू त्यात कोणाची नावं लिहिली?

रेश्मा : घरच्यांची.

संस्कृती : मग आजी कोणाच्या घरची?