नकाराचा दाखला

नाही, पण मी म्हणतो, कर्ज देणाऱ्यानं आधी विचारावं, "तुम्हाला दुसरं कुणीच कर्ज देत नाही ना?" आणि "नाही" ऐकून त्याचा चेहरा खुलावा, हे कुठं पाहिलंय तुम्ही? मी पाहिलंय! तुम्हाला सांगतो, माझं लहानसं कोल्ड स्टोरेज, लोकांची फळं-भाजी ठेवतो, आणि त्यातला कॉम्प्रेसर असा धापा टाकायचा की बायको म्हणायची, याला आधी दवाखान्यात न्या. उन्हाळा तोंडावर, हा बंद पडला की माल सडणार, गिऱ्हाईक पळणार, धंदा बसणार... म्हणून गेलो विकास बँकेत. बऱ्याच देशांनी मिळून, आमच्यासारख्या खाजगी धंद्यांना हात द्यायलाच काढलेली. तिथल्या मॅडम इतक्या गोड, म्हणाल्या, "आम्ही तुमच्या पाठीशी आहोत."

पाठीशी आहोत! फक्त एक अट. साधी बँक जिथं जात नाही तिथंच आम्ही जातो, तेव्हा साध्या बँकेचा नकार लेखी आणा. आता आमच्या कोपऱ्यावरच्या खाजगी बँकेचे मॅनेजर... नकार देण्यात त्यांचा हात कोण धरणार? मी म्हटलं, साहेब, विकास बँक पैसे देतेय, तुम्ही फक्त नाही म्हणा. तर हे ताडकन उठले, मला खुर्ची दिली, चहा मागवला. विकास बँक देतेय? मग आम्ही का मागं राहू? अहो, पण मला नकार हवाय! छे छे, तुमच्यासारख्या माणसाला नाही कसं म्हणणार... आणि दिलं हो लेखी. होकार!

तो घेऊन मॅडमकडे. वाचून त्यांचे डोळे भरून आले. "मग आता तुम्हाला आमची गरजच नाही!" फाइल बंद. पाठीशी आहोत, पण लांबून. धावत मॅनेजरकडे, साहेब, आता तुम्हीच द्या. तर म्हणे, विकास बँकेनं अंग काढून घेतलं? म्हणजे काहीतरी काळंबेरं असणार. बरं, मग नाही म्हणताय ते तरी लेखी द्या! तर म्हणे, एकदा होकार दिलाय, आता नकार दिला तर वरचे मलाच विचारतील. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, दुसरं काय!

या हेलपाट्यांत कॉम्प्रेसर गेला. खरं सांगतो, रडू आलं मला. लोक आपापला माल उचलून गेले, उरल्या आमच्याच टोमॅटोच्या पेट्या. तेवढ्यात मॅडमचा फोन, आनंदानं गदगदलेल्या. आमचा पैसा न लागता खाजगी बँक पुढं आली, हे आमचं वर्षातलं सगळ्यात मोठं यश, आमच्या परिषदेत तुम्हीच बोलायचं, आम्ही तुमच्या पाठीशी आहोत...! मी चांगलं खडसावणार होतो, पण बायको शेजारून म्हणाली, "हॉलला एसी आहे का विचारा."

विचारलं. आहे म्हणाल्या.

"मग जा. आणि पेट्या घेऊन जा."

तर मंडळी, भाषण जरा लांबतंय, सांभाळून घ्या. टोमॅटो स्टेजच्या मागं ठेवलेत, आणि हॉल आपल्याकडे संध्याकाळपर्यंत आहे म्हणे.