श्रीकंठय्याची करंगळी

एकसष्ट साली शिवाजीनगरच्या दवाखान्यात औषधाची रिकामी बाटली घेऊन मी बाकावर बसले होते. शेजारी देवाप्पा म्हणून क्लबातले मार्कर होते. बिलियर्ड्सचे गुण मांडायचे आणि नव्या मेंबरांना खेळ शिकवायचा, हे त्यांचं काम. सोबत त्यांचा मेहुणा बसवंत.

“भावोजी, टेबलाशी उभं राहावं तर तुमच्या क्लबातल्या कर्नलसाहेबांनी. काय ताठ!”

“परेडला राहतात तसे. अन् खेळायची काठी मुठीत, कुत्रं हाकलायला धरावी तशी.”

“मग मेंबरांत श्रीकंठय्याच खरा खेळाडू म्हणा. हनुवटी काठीला टेकलेली, काठी तीन बोटांत अन् करंगळी हवेत. पेपरात फोटो आला की!”

“आला. करंगळीचाच आला.”

“आता सगळे नवे मेंबर तशीच धरतात. श्रीकंठय्या पकड म्हणतात तिला.”

“ही बघ माझी करंगळी.”

“वाकत नाही, ठाऊक आहे. लहानपणी गाडीच्या चाकात सापडलेली.”

“त्याला पहिल्यांदा काठी धरायला कोणी शिकवलं? मी. माझी करंगळी वर दिसली, त्याला वाटलं हीच खुबी.”

“अय्यो! मग सांगा ना त्याला!”

“परवा सांगायलाच गेलो. काठी धरून दाखवली. सगळ्यांसमोर त्यानं माझी पाठ थोपटली. म्हणाला, ‘देवाप्पा, माझी पकड छान उचललीस.’”

“मग तुम्ही?”

“काठीला लावायचा खडू पुढे केला. त्याची पाळी होती.”