अप्पारावांचा चातुर्मास

...आणि रोज संध्याकाळी सहाला फोन. तोही चेहरा दिसणारा. आणि पहिला प्रश्न काय, तर 'बाबा, अप्पाराव जेवले का?' बाप जेवला का, बापानं गोळी घेतली का, बाप आहे का गेला, काही नाही... अप्पाराव जेवले का. तुम्हाला सांगतो, अप्पाराव म्हणजे आमचे कुणी सोयरे नव्हेत. अप्पाराव म्हणजे सरडा. हसू नका. बिअर्डेड ड्रॅगन म्हणतात त्याला, दाढीवाला, मूळचा ऑस्ट्रेलियाचा, रीतसर कागदपत्रांसकट घरात आलेला. माझी मुलगी स्वराली, तिनं आणला, तिनंच नाव ठेवलं. बघतो असा, मान तिरपी करून, की रजेचा अर्ज घेऊन साहेबासमोर उभं राहिल्यासारखं वाटतं. मी छत्तीस वर्षं पाटबंधारे खात्यात काढली, मला ती नजर ओळखू येते. त्याला एकेरीत हाक मारायची माझी अजून छाती झालेली नाही.

बरं, आणला तर आणला. पण जूनमध्ये ही जर्मनीला निघाली, दोन वर्षांच्या शिक्षणाला, आणि दारात टॅक्सी उभी असताना मला म्हणते, 'बाबा, मी येईपर्यंत सांभाळा हं त्याला. माझं दुसरं काही मागणं नाही.' हिची आई जाऊन चार वर्षं झाली, घरात मी एकटा, आणि पोरीनं जन्मात पहिल्यांदा काही मागितलं... नाही म्हणवतं का? एक कागद दिला हातात. त्यावर आहार. अमुक पाला, तमुक पाला, आणि खाली, मला धक्का बसू नये म्हणून बहुतेक, बारीक अक्षरात: रातकिडे. जिवंत. रोज.

आता मी देशस्थ ब्राह्मण. आमच्याकडे अंडं आणलं तरी पिशवी बदलून आणतात. आणि माझ्या देवघराच्या भिंतीपलीकडं डबाभर रातकिडे किर्र किर्र करतायत, आणि मी चिमट्यानं एकेक उचलून साहेबांच्या पुढं धरतोय, तोंड दुसरीकडं करून. केलं. तीन आठवडे केलं. तेवढ्यात आली आषाढी एकादशी, म्हणजे चातुर्मास बसला. आमच्याकडं चातुर्मासात कांदा बंद, लसूण बंद, वांगं बंद. वांगं बंद आणि रातकिडा चालू? तुम्हीच विचार करा. त्यात मी पुस्तकात वाचलं होतं की हा प्राणी लहानपणी किडे खातो आणि मोठेपणी बहुतेक पालाच. मोठेपणी. मी अप्पारावांकडं बघितलं. चांगली काळी दाढी आलेली. म्हटलं, दाढी आली म्हणजे वयात आले, आता आणखी किती मोठं व्हायचं? केले किडे बंद. आणि नुसता पाला नाही हो, चांगला पालक. पालक म्हणजे रक्त, पालक म्हणजे ताकद, लहानपणापासून ऐकत आलो. निवडून, धुऊन, बारीक चिरून, आधी देवाला दाखवून मग त्यांना. आता मला सांगा, माझं काय चुकलं?

आणि ते वर्ष कसलं? दुष्काळाचं. त्यात अधिक श्रावण आलेला, म्हणजे चातुर्मास पाच महिन्यांचा. आणि अख्खा महिना थेंब नाही. आमच्या बायपासकडं बघावं तिकडं बारा-बारा मजली बिल्डिंगा उभ्या राहतायत, आणि नळाला पाणी आठ दिवसांनी, तेही आलं तर. टँकर आला की शिकलेसवरलेले लोक बादल्या घेऊन पळतायत. आणि मी काय करतोय, तर एक तांब्या कोमट पाणी घेऊन सरड्याला अंघोळ घालतोय. कागदावर लिहिलं होतं, आठवड्यातून दोनदा अंघोळ. शेजारच्या नानासाहेबांनी खिडकीतून बघितलं. म्हणाले, 'श्रीधरराव, आम्ही दाढीला पाणी जपून वापरतो, अन् तुम्ही दाढीवाल्याला न्हाऊ घालताय?' मी म्हटलं, मुलीची ठेव आहे. त्यांनी हळूच खिडकी ओढून घेतली. त्यांचीही मुलगी लांबच असते.

तर सप्टेंबर आला. अप्पाराव दगडावर चढेनात. म्हटलं उकाडा असेल. मग पुढचा पाय थरथरायला लागला... बारीक, थंडीत कापल्यासारखा. मग एक दिवस त्यांना मान उचलता येईना. ती साहेबी नजर जमिनीला टेकलेली. हिच्या आईच्या शेवटच्या दिवसांत घर जसं गप्प झालं होतं तसं झालं. सहाला फोन आला. 'बाबा, अप्पाराव जेवले का?' म्हटलं, जेवले. 'दाखवा ना.' म्हटलं, झोपलेत. पोरीशी जन्मात पहिल्यांदा खोटं बोललो.

दुसऱ्या दिवशी बुटाच्या खोक्यात घालून डॉक्टरकडं. जनावरांचे डॉक्टर, तरुण माणूस. मला विचारतो, 'काका, काय खायला देता?' मी छाती काढून सांगितलं, पूर्ण सात्त्विक. त्यानं पाय हळूच दाबून बघितला, जबडा बघितला. म्हणाला, 'काका, हा दहा महिन्यांचा आहे. पोर आहे. याची हाडं अजून भरायचीत. आणि पालकातनं कॅल्शियम मिळायचं सोडाच, तो आहे तेही अंगाला लागू देत नाही. तीन महिने तुम्ही याला उपास घडवलात.' मी म्हटलं, पण दाढी... तो म्हणाला, 'दाढी यांना जन्मापासूनच असते, काका.'

आता काय विचारू तुम्हाला, माझं काय चुकलं म्हणून? चुकलं ते चुकलं. माझं पुण्य वाढावं म्हणून मी एका पोराला अर्धपोटी ठेवलं. देव याला चातुर्मास म्हणत नसेल.

औषध सुरू झालं, पण किडे पाहिजेत. शहागंजात वहाबभाईंचं दुकान, पक्ष्यांचं दाणापाणी विकतात, रातकिडे त्यांच्याकडनंच यायचे. खोकं तसंच काखेत मारून धावत गेलो. वहाबभाईंनी खोकं उघडून बघितलं, कपाळाला हात लावला. 'क्या साब, मैं सोचा आप कोई दूसरी दुकान पकड़ लिए. बच्चे को रोजा रखवाए क्या? अपने में बी बच्चों पे रोजा नै है.' आणि त्यांच्याकडंही रातकिडे नाहीत, पार्सल गर्मीत मेलेलं. म्हणाले, 'शेंद्रा जाओ. कचरू है, रेशम के कीड़े पालता. उससे अच्छी खुराक नै मिलती.'

गेलो शेंद्र्याला, शहराबाहेर कारखान्यांकडं. कचरू पहिली पाळी करून कंपनीतनं नुकताच आलेला, अंगात अजून कंपनीचा शर्ट. शेडच्या दारात मी थबकलो. आतनं पावसाचा आवाज. खरं सांगतो, मी मागं वळून आभाळाकडं बघितलं. कोरडं ठाक. आत हजारो अळ्या तुतीचा पाला खात होत्या, त्याचा तो आवाज. कचरू म्हणाला, 'किती पायजेत? न्या की. हिरीला पानी नाय, तुतीची बाग निम्मी वाळली. पाला निम्म्याच अळ्यांना पुरतोय. बाकीच्या मला फेकायच्याच हायेत, काका. पोसून फेकायचं म्हंजी लई वंगाळ वाटतं. तुमच्या सरड्याच्या तोंडी लागल्या तर बरंच हाय.' त्यानं डबा भरला, वर तुतीची चार हिरवी पानं टाकली. ती पानं देताना त्याचा हात जरा अडला, ते मला दिसलं.

घरी आलो. चातुर्मास अजून दोन महिने बाकी. देवासमोर उभा राहिलो, म्हटलं, खाणारा तो, मी नुसतं ताट वाढतोय, काय लिहायचं ते माझ्या नावावर लिही. आणि एक अळी चिमट्यात धरून, या वेळी तोंड न फिरवता, पुढं केली. अप्पारावांना मान उचलायला वेळ लागला. पण जीभ बाहेर आली. खाल्ली. मी तिथंच फरशीवर बसलो आणि रडलो. बहात्तर वर्षांचा माणूस, सरड्यानं अळी खाल्ली म्हणून.

मग लागलो शिस्तीला. अळ्यांवर कॅल्शियमची पावडर भुरभुरायची. सकाळी शेवग्याचा पाला, घोड्याला घालतात तो लसूणघास, लाल भोपळ्याचा कीस, कधी जास्वंदीचं फूल. पालक बंद, लिंबू बंद, कांदा बंद... म्हणजे बघा, कांदा त्यांना बाराही महिने बंद, आमच्यापेक्षा कडक. औरंगपुऱ्यात एका भाजीवाल्या मावशीकडं शेवग्याची जुडी लावली. पहिल्या दिवशी मावशी म्हणाल्या, 'गुडघे दुखत्यात व्हय काका?' म्हटलं, नाही, सरड्यासाठी. त्या आठवडाभर माझ्याशी नुसत्या खुणेनं बोलल्या.

जानेवारीत अप्पाराव दगडावर चढले. जबडा जरा वाकडा राहिला, तो तसाच राहणार, माझी आठवण म्हणून. पण मान वर, नजर पुन्हा साहेबाची. त्या दिवशी फोनवर 'झोपलेत' म्हणणं बंद केलं आणि स्वरालीला सगळं खरं सांगितलं. तिनं अप्पारावांचा जबडा जवळून दाखवायला लावला. मग म्हणाली, 'बाबा, मलाही एक सांगायचंय. इथं शिक्षण संपलं की नोकरीचंही ठरल्यात जमा आहे. मी... नाही येत आता. आणि त्याला इकडं आणता येणार नाही. तुम्ही ठेवाल ना?'

काय सांगणार? म्हटलं, ठेवीन की. तू तुझं बघ. फोन ठेवला आणि दोघं एकमेकांकडं बघत बसलो, मी आणि अप्पाराव.

दुसऱ्या दिवशी तपासणीला नेलं. डॉक्टर खूश. मी सहज विचारलं, साधारण किती जगतात हो हे? म्हणाला, 'आहार असाच सांभाळलात तर अजून दहा-बारा वर्षं कुठं जात नाही.' बारा. म्हणजे माझी चौऱ्याऐंशी. आणि मी रात्री काय खातो, तर लोणचं आणि सकाळची पोळी. चहाबरोबर फरसाण. आणि यांच्या ताटात रोज चार प्रकार.

येताना रिक्षा औरंगपुऱ्यात थांबवली. मावशींना म्हटलं, आजपासून शेवग्याच्या दोन जुड्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं, भीत भीत विचारलं, 'दुसरा आनला व्हय, काका?'

म्हटलं, होय मावशी. हा जरा जुना आहे. पण बारा वर्षं टिकवायचाय.