आईच्या कपाळावरचं पाणी

आम्ही मूळचे कोकणातले म्हणतात, कोणी पाहिलंय, पूर्वज दरबारात कारकुनीला आले आणि उज्जैनचेच झाले, आमच्या मराठीत अर्धी हिंदी आहे, समजून घ्या. माधव नगरात माझा फोटो स्टुडिओ आहे, लग्न मी केलं नाही, आणि माझं नाव झालं ते पाण्यामुळे. कोरड्या फोटोला ओला करते मी, कम्प्युटरवर. काय सांगू तुम्हाला, थेंब नुसता चिकटवला तर काचेचा मणी वाटतो, त्याच्या आतली कातडी जरा मोठी दिसली पाहिजे, वर चमक, खाली बारीक सावली, आणि केस, केस बटाबटांनी चिकटले पाहिजेत. घाटावर जाऊन पाण्यात न उतरणारे लोक माझ्याकडे येऊन नहातात.

आता माझा मोठा भाऊ, त्याला दादा म्हणायला जीभ रेटत नाही. आई त्याच्याकडे, तिसऱ्या मंजिलवर, लिफ्ट नाही, पाय गेलेत तिचे. एकच मागायची, मला एकदा राम घाटावर न्या रे, शिप्रेत न्हायचंय. मी म्हटलं खुर्चीत बसवून उतरवू, माणसं मी आणते, ऑटो मी आणते. तर तो म्हणे, सर्दी झाली तर रात्री तू उठणार का. आणि मग एक दिवस आईचा पलंगावरचा फोटो पाठवला, की हिला घाटावर बसव, ओली कर, इंदूरच्या मावश्या विचारतात स्नान घडवलं का. नालायक आहे तो, लिहा तसंच.

मी साफ नाही म्हटलं. मग बोलला, आई खुश होईल. तिथे मी फसली. आणि हात माझा चांगला, काय करू, आईच्या कपाळावरून ओघळ काढला, पदर भिजवला, अगदी खरी.

आईला आता आठवण राहत नाही हो. तिनं फोटो पाहिला, केसांना हात लावला, कोरडे लागले, तर म्हणाली सूनबाईनं पुसले असतील. तेव्हापासून मागणंच बंद. मी सोमवती अमावस्येला भांडून माणसं घेऊन गेली, तर आई म्हणते, झालं ना गं एकदा, पुन्हा कशाला त्रास. तो दारात उभा राहून हसत होता. खरं सांगितलं तर ती रडेल, म्हणून मी गप्प.

आता रोज त्याला आशीर्वाद देते ती, लेकानं स्नान घडवलं म्हणून. मला म्हणते, तू पण म्हण, दादाचं भलं होवो. तिच्यासाठी म्हणते मी. देवानं ते ऐकू नये.