शंखाच्या मापाची कवळी

वहिनी, आणि जमलेल्या मंडळींनो,

मी पळस्प्याच्या अलीकडच्या वाडीतला, शंकराच्या देवळाचा गुरव. सभेत बोलायची मला सवय नाही. देवळात घंटा बोलते, शंख बोलतो, मला बोलावं लागत नाही. आणि ज्यांच्याबद्दल बोलायचं, ते अप्पा डॉक्टर अजून त्यांच्या दवाखान्यात हात धूत असतील असंच मला वाटतंय. त्यामुळे जड जातंय.

एक आधीच सांगून ठेवतो. मधेच माझा आवाज नाकातून आला, तर मी रडतोय असं समजू नका. तो माझ्या कवळीचा गुण. आणि खरंच रडलो, तरी मी ते कवळीवरच ढकलणार.

हसा, हसा. अप्पांच्या नावानं जमायचं आणि हसायचं नाही, हे त्यांना चाललं नसतं.

इथल्या निम्म्या लोकांच्या तोंडात अप्पांचा हात जाऊन आलाय. त्यांचा पहिला प्रश्न तुम्हाला पाठ असेल. खुर्चीत बसलं की, आ करायच्या आधी विचारायचे, "दातांनी काय करता?" माणूस गोंधळायचा. दातांनी काय करतात? खातात! "तसं नव्हे हो. काय खाता? कुठल्या बाजूनं? सुतळी दातांनी तोडता का? दिवसभर बोलायचं काम आहे, की गप्प बसायचं?" हे सगळं कळल्याशिवाय हत्याराला हात नाही.

मी गेलो होतो हलणारी दाढ काढायला. वरची, उजवीकडची. अप्पांनी चिमटा उचलला, तोंडात उजेड धरला, आणि चिमटा खाली ठेवला. म्हणाले, "गुरव, ही दाढ मी काढणार नाही. दाढ चांगली आहे. ती ज्या घरात राहते ते घर हलतंय."

कॅन्सर हा शब्द आमच्याकडे कोणी मोठ्यानं उच्चारत नसे. अप्पांनी उच्चारला. हळू, पण स्पष्ट. आणि मग म्हणाले, "आता सांगा, दातांनी काय करता?"

मी म्हटलं, "अप्पा, मी शंख वाजवतो."

मंडळी, जिवाची भीती मला होतीच. खोटं कशाला बोलू? पण त्या बाजूची टाळू काढावी लागेल असं अप्पा म्हणाल्यावर दुसरी भीती तिच्याही पुढे गेली. टाळू नाही म्हणजे फुंकलेलं सगळं नाकातून जाणार. आमच्या घरात शंखाचा मान वडलांच्या वडलांपासूनचा. संध्याकाळी आरतीला देव समोर, आणि मी मुका उभा राहणार? तसं जगून काय करायचं, असंही मनात येऊन गेलं.

अप्पा माझ्याबरोबर मुंबईला आले. दवाखान्याला कुलूप लावून आले. तिथले मोठे सर्जन फार भले माणूस. त्यांनी सगळं समजावलं. शस्त्रक्रिया करायची, नंतर किरणांचा उपचार, आणि त्याच्या आधी उरलेले सगळे दात काढून टाकायचे. किरण लागलेल्या जबड्यातला दात पुढे बिघडला, तर हाड सडतं. म्हणून तशी पद्धत.

अप्पा म्हणाले, "पद्धत बरोबर आहे. पण ह्याचे डावीकडचे वरचे तीन दात ठेवा."

सर्जन म्हणाले, "अहो, माणूस वाचवायचा की दात?"

"माणूस तुम्ही वाचवा. दात मी सांभाळतो. हा शंख वाजवतो. ह्याला नवी टाळू करून द्यायची तर तिला धरायला काही नको? भिंतच नाही तर खुंटी कुठे ठोकू?"

सर्जन हसले नाहीत. त्यांनी पुन्हा फोटो पाहिले, किरण कुठवर पोचतील ते तपासलं, आणि म्हणाले, "ठेवू."

आता उलव्याच्या नागूबाई इथे पुढेच बसल्यात. त्यांनाही त्याच सुमारास तोच आजार, खालच्या जबड्याला. अप्पांनी त्यांचे सगळे दात काढायला लावले. एकदा दवाखान्यात आमची गाठ पडली. त्यांनी माझं तोंड बघितलं आणि अप्पांवर कडाडल्या, "याचे ठेवलंस नि माजे काढलंस? याचे दात सोन्याचे, नि माजे काय शिंपल्याचे?"

अप्पा म्हणाले, "नागूबाई, तुमचे मुळातच हलत होते. किरण सगळ्या जबड्यावर पडणार होते. आणि एक दात बिघडला तर भरतीची वाट बघत होडीतून किती वेळा याल? आजार एक असला तरी तोंडं दोन आहेत."

"बरा. मंग मला चिंबोरी फोडता येल असे दात दे. नायतर मी देत नाय तुला आशीर्वाद!"

अप्पांचं घर शाकाहारी, चतुर्थीला कांदासुद्धा वर्ज्य. पण त्या माणसानं दवाखान्यात उकडलेली चिंबोरी मागवली! नागूबाई खुर्चीत बसून नांगी चावतायत, अप्पा वाकून बघतायत, कंपाउंडर नाकाला फडकं लावून खिडकीत. कुठल्या दातावर भार येतो ते पाहून अप्पांनी कवळी घासली. नागूबाई, बरोबर ना? मान हलवतायत बघा.

माझं मात्र सहजी जमेना. शंख घेऊन गेलो. देवळात पूजेचा शंख वेगळा, वाजवायचा वेगळा. वाजवायचा नेला. टाळूचं भोक बुजवणारी नवी कवळी बसवली, फुंकलं, आणि कवळी सुटून थेट अप्पांच्या टेबलावर! अप्पा शांतपणे म्हणाले, "वाजली तरी."

दुसरी केली, ती टोचली. तिसरीतून वारा गळला. शेवटी अप्पा म्हणाले, "मला शिकवा." आणि स्वतः फुंकायला लागले. तोंड लाल, गाल टम्म, आणि आवाज रेडकाचा. वहिनी माडीवरून धावत खाली आल्या, काय झालं म्हणून! पण तेवढ्यात अप्पांना गोम सापडली. "तुम्ही उजव्या कोपऱ्यातून फुंकता. तीच बाजू गेलीय. आता डावीकडून फुंका."

"अप्पा, वडलांनी उजवीकडून शिकवलंय."

"वडलांना टाळू होती. कवळी मी तुमच्या मापाची करतो. थोडे तुम्हीही कवळीच्या मापाचे व्हा."

मी शिकलो. चाळिशी उलटल्यावर, पोरासारखा, घराच्या मागे बसून शिकलो. देवाचं नाव घ्यायचं नि फुंकायचं. कधी नुसता वारा, कधी थुंकी. आणि मग एका संध्याकाळी, आरतीच्या वेळी, वाजला. सगळी वाडी बाहेर आली. माझ्या आईनं तिथेच जमिनीला डोकं टेकलं.

अप्पा सहसा देवळात यायचे नाहीत. त्या दिवशी पायरीजवळ उभे होते. मी पाया पडायला गेलो. वाटलं, आता शाबासकी देतील. ते म्हणाले, "जरा नाकातून येतोय. उद्या या."

मी गेलो. त्यांनी कवळी काढून पुन्हा घासली.

आज मी शंख आणलाय. शोकसभेत वाजवावा की नाही, मला कळेना. सकाळी वहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, "वाजवा. काम नीट झालंय का, हे त्यांना ऐकायचंच असेल."

तेव्हा मंडळी, उभे राहा. शंख थांबल्यावर लगेच बसू नका. त्याचा नाद कानातून पुरता जाईपर्यंत गप्प राहू या. शिवाच्या पायाशी अप्पांना जागा मिळो, एवढंच मागू या.

अप्पा, डावीकडून फुंकतोय. नाकातून आला, तर सांभाळून घ्या. उद्या यायची आता सोय नाही.