चुलीत ओतलेलं संत्रं

त्या हलक्या दारूच्या फेसाळ रंगीत बाटलीले तुम्ही शरबत म्हणून हासता ना? मी तिच्यापायी एक सगाई पक्की होतानी पाह्यली.

कापसानं मार खाल्लेलं साल होतं. आमच्या कोर्टातल्या रामू शिपायाच्या पोराची सगाई महागावजवळच्या तांड्यात होती. दोन्हीकडच्याइनं संगं बसून पेल्याशिवाय सगाई पक्की नाही, असा त्याइचा रिवाज. इंग्रजी दारू परवडत नव्हती, म्हणून रामूनं त्याच रंगीत, स्वस्तातल्या संत्र्याच्या चवीच्या बाटल्याइची पेटी नेली. रस्त्यानं मले म्हणे, "बाबूजी, पोट्टे म्हणतात, दोन बाटल्याइत माणूस आडवा होते!"

तांड्यात दारू पारखायचा मान पोरीच्या आजीचा. मोहाची दारू ते चुलीत शिंपडे. भडका उडाला तरच खरी. तिनं बाटली उघडली, फस्सकन फेस आला आन् तिनं अर्धी बाटली चुलीत ओतली.

चूल विझली.

रामूचं तोंड राखेवानी झालं. मी हळूच म्हटलं, "आजी, महागावातून दुसरी आणतो."

"कायले?" म्हातारी म्हणे. "मोहाची पिऊन माणसं भांडली, माह्या दोन पोरीइच्या सगाया बसल्या जागी मोडल्या. हे तं आग विझवते. वाटा सगळ्याइले!"

वीस वर्सं कोर्टात काढली भाऊ, असा निकाल नाही ऐकला. त्या तांड्यात आजही सगाईले तेच संत्रं लागते. पह्यली बाटली चुलीत. चूल विझली, की सगाई पक्की!