शनिवारचं इंजिन ऑइल

तुम्ही मायलेजच्या गप्पा मारताय, पण मी चेन्नईत नोकरीला असताना माझ्याकडे जी जुनी गाडी होती ना, ती पेट्रोलपेक्षा ऑइलच जास्त प्यायची! एकदा आई साताऱ्याहून आली होती. तिला समुद्र दाखवायला चेन्नईजवळच्याच कोवलमला निघालो, तर वाटेत ऑइलचा लाल दिवा लागला. पेट्रोल पंपावर थांबून ऑइलचा डबा मागितला, तेवढ्यात मागच्या सीटवरून आई कडाडली, "आज शनिवार आहे! शनिवारी तेल विकत घेत नाहीत."

"आई, हे खायचं तेल नाही."

"तेल ते तेल."

"अगं, इंजिन सीझ होईल!"

"मग उद्या बघू समुद्र."

आता मीही चिडलो. म्हटलं, "मारुतीच्या देवळाबाहेर दर शनिवारी तेल घेतेस, ते कसं चालतं?"

"ते देवाला वाहायला."

"मग हेही वाहायलाच आहे!"

आई खाली उतरली, चपला काढल्या आणि उघड्या बॉनेटसमोर हात जोडून म्हणाली, "घाल." पंपावरच्या माणसाला मराठीचं अक्षर कळत नव्हतं, पण त्यानंही चपला काढल्या आणि अगदी भक्तिभावानं डबा ओतला.

समुद्र झकास दिसला. गाडीही पुढे बरीच वर्षं चालली, इंजिन कधी बसलं नाही. बसेल कसं? दर शनिवारी साताऱ्याहून फोन यायचा, "तेल घातलंस?" माझी तब्येत त्यानंतर विचारायची.